गौळणीचा कान

पुंजारामनानांच्या घरात काही घ्यायचं, द्यायचं, विकायचं, मोडायचं झालं की मांजरीला विचारायचं. हसायचं काम नाही. अख्ख्या कुंभार पिंपळगावाला ही गोष्ट ठाऊक होती. स्वतःला शहाणी म्हणवून घेणारी चार-दोन माणसंसुद्धा पोरीची सोयरीक ठरवायच्या आधी 'सहज आल्तो' म्हणत नानांच्या ओसरीवर चहाला टेकायची. मांजरीचं नाव गौळण. रंगानं पांढरी, पाठीवर काळे ठिपके. पंजानं दुधाच्या पातेल्यावरचं झाकण सरकवण्यात अशी पटाईत की नाव कुणी ठेवलं नाही, आपोआप पडलं.

रीत अशी होती. नाना ओसरीत बाजेवर बसायचे. गौळण पायथ्याशी पोत्यावर. सून दैवशाला चहा आणून द्यायची. नाना तो बशीत ओतायचे, घसा खाकरायचे आणि विचारायचे, "गौळणे, सांग माय, करावं का न्हाई?" चहा संपायच्या आत मांजरीनं मुंडकं झटकलं तर नकार. नाही झटकलं तर होकार. त्या दिवशी तरी त्यावर अपील नाही.

हे सुरू झालं एका म्हशीपायी. वर्ष-सव्वा वर्ष झालं असेल. नानांची बायको, गिरिजाबाई, नुकतीच वारली होती. तीर्थपुरीच्या बाजारातला एक दलाल म्हैस घेऊन थेट दारात आला आणि नानांच्या मागंच लागला. नाना 'बघू', 'बरं', 'तुम्ही म्हणता तर' करत करत जवळजवळ हो म्हणायला आले होते, तेवढ्यात पोत्यावरच्या गौळणीनं मुंडकं झटकलं. एकदा नाही, चांगलं फडाफडा. नाना म्हणाले, "भाऊ, मांजर न्हाई म्हणून राह्यली." दलाल वैतागून निघून गेला. पुढं ती म्हैस शेजारच्या गावात कुणी घेतली आणि तिनं पहिल्याच धारेला घेणाऱ्याचा गुडघा फोडला. बस्स! दुसऱ्या दिवसापासून गौळण देव झाली.

नानांचा थोरला मुलगा रामप्रसाद, म्हणजे दैवशालाचा नवरा, हा गरीब स्वभावाचा माणूस. त्याला एक शंका होती आणि ती त्यानं एकदाच बोलून दाखवली.

"नाना, कंदुरीत नवसाच्या बकऱ्यावर पाणी शिंपडल्यावर त्यानं अंग झाडलं तर देव राजी म्हणतो आपण. मंग मांजरीनं झाडलं तर न्हाई कामून?"

"बकरं अंग झाडतंय," नाना म्हणाले. "ही मुंडकं हलवती. मुंडकं हलवल्यावर कधी हो असतंय का रे येड्या?"

रामप्रसादला हे अगदी पटलं. त्याला सगळंच पटायचं.

दैवशालाला मात्र पटायचं नाही. पण तिला विचारतो कोण? मामांना, म्हणजे सासऱ्यांना, उलटून बोलायची तिची रीत नव्हती. आणि खरं सांगायचं तर म्हशीच्या वेळी मांजरीनं घर वाचवलं असं तिलाही वाटलं होतं. धाकटा दीर कल्याण जालन्याहून आला आणि रस्त्याकडची मोसंबीची बाग प्लॉटिंगवाल्याला देऊन टाकू म्हणाला, तेव्हाही गौळणीनं मुंडकं झटकलं. त्या दिवशी तर दैवशालानं तिला वाटीभर साय घातली होती. दुसऱ्याला नकार मिळतो तोवर देव चांगलाच असतो.

मग एक दिवस नकार तिच्या स्वतःच्या वाट्याला आला.

दैवशालाच्या बचत गटाला शेवयाचं मशीन मिळणार होतं. गटातल्या बायांनी एकमुखानं ठरवलं की ते दैवशालाच्या ओसरीत बसवायचं. ओसरी ऐसपैस, दारात मोकळं अंगण, शेवया वाळवायला ऊनच ऊन. आणि रवा किती भिजला, किती मळला, हे दैवशाला बोटानं दाबून सांगायची, त्यात ती कधी चुकायची नाही. एकच अट होती, की पुढच्या बैठकीपर्यंत घरच्यांचा होकार यायला हवा. नाही आला तर मशीन शेजारच्या बेबीनंदाच्या घरी. लग्न होऊन दैवशाला या घरात आली त्याला पुष्कळ वर्षं झाली होती. माहेरून आलेलं लोखंडी कपाट सोडलं तर 'हे माझं' म्हणावं असं तिच्याकडं घरात काही नव्हतं. मशीन गटाचं असलं तरी चालवणार ती होती. ते तिला इतकं हवं होतं की तोंडातून शब्द काढतानाही जीभ जड झाली.

"मामा, गटाचं मशीन आपल्या ओसरीत ठेवावं म्हणते मी."

नानांनी तिच्याकडं पाहिलं, मग चहाकडं, मग गौळणीकडं. "बराबर हाय," ते म्हणाले, "पण एकदा विचारून घेऊ."

त्या दिवशी नानांचा चहा संपता संपेना. गौळण आधी अंग चाटत बसली, मग जांभई दिली, मग मागच्या पायानं कान खाजवला आणि शेवटी फडाफडा मुंडकं झटकलं.

"न्हाई म्हणती," नाना हळूच म्हणाले, आणि साय धरलेला चहा एका घोटात पिऊन टाकला.

दैवशाला मोरीत जाऊन खळाखळा तोंड धुवत राहिली, म्हणजे डोळे कशानं ओले झाले ते कुणी विचारू नये. मग बाहेर येऊन तिनं मांजरीला ऐकवलं, "मी या घरात आले तवा तू जन्मली पण नव्हतीस. कानामागून आली अन् तिखट झाली!"

गौळणीनं पुन्हा मुंडकं झटकलं. यावेळी कुणी काही विचारलंही नव्हतं.

आणि इथंच दैवशाला जरा थांबली. तिनं खाली बसून नीट पाहिलं. कानामागचे केस गेले होते, कातडी खाजवून खाजवून रक्ताळली होती. कान उघडून पाहिला तर आत चहाचा चोथा भरावा तसा काळा भुगा! राग कुठल्या कुठं गेला. तिनं लहान लेकराला घालतात तसं लसूण तळून तेल कोमट केलं आणि दोन थेंब कानात सोडले. गौळणीनं तिच्या मनगटावर चार रेघोट्या ओढल्या, आणि ती कण्यांच्या कोठीमागं जाऊन बसली ती जेवायलाही बाहेर येईना.

"म्हशीच्या गोचिडाचं औषध हाय की कोनाड्यात," रामप्रसाद म्हणाला. "लावू का थोडंसं?"

"थांबा. काही लावू नका. तीर्थपुरीला दाखवू."

"नानाला काय सांगायचं?"

"बाजाराला चाललो म्हणा."

"अन् दुरडीत काय हाय म्हणले तर?"

"वांगी."

एका दुरडीवर दुसरी दुरडी पालथी घालून, सुतळीनं करकचून बांधून, दैवशाला मोटरसायकलवर मागं बसली. नाना ओसरीतून म्हणाले, "वांगी इकायला चाललात का घ्यायला?" तेवढ्यात वांगी ओरडली. रामप्रसादनं अशी किक मारली की गाडी सुरू होऊन गल्लीच्या टोकाला पोचली तरी त्यानं मागं वळून पाहिलं नाही.

तीर्थपुरीत जनावरांच्या डॉक्टरीणबाई होत्या, डॉ. कहकशा. माहेर जुन्या जालन्यातलं, कापडवाल्यांचं. वय कमी, पण हात असा की गौळण टॉवेलात गुंडाळली गेली ते तिला स्वतःलाही कळलं नाही. कहकशानं दिवा लावून कानात पाहिलं, कापसाच्या काडीवर थोडा काळा भुगा घेतला, तो काळ्या कागदावर झटकला आणि दैवशालाच्या हातात भिंग दिलं.

"पहा, ताई."

दैवशालानं पाहिलं. कागदावर पांढरे ठिपके होते. आणि ते चालत होते.

"अगं माय माय माय!" तिनं भिंग टाकूनच दिलं असतं.

"कानातल्या किडी आहेत ह्या. गोचिडाच्या जातीच्याच, फक्त लई बारीक. कानात राहतात, तिथंच अंडी घालतात. खाज सुटते, म्हणून मांजर सारखं खाजवतं, सारखं मुंडकं झटकतं."

दैवशालानं भिंग खाली ठेवलं. मग तिनं हळूच विचारलं, "मंजी ती न्हाई म्हणत न्हाई?"

"कोण?"

"मांजर."

कहकशाला कळेना. मग रामप्रसादनं खाली मान घालून सगळी हकीकत सांगितली, म्हैस, मोसंबी, सोयरिकी, मशीन. कहकशा ओढणी तोंडाशी धरून इतकी हसली की बाहेर शेळी घेऊन बसलेला माणूस आत डोकावला. पण हसू ओसरल्यावर तिचा चेहरा बदलला.

"वर्षापासून म्हणता? म्हणजे वर्षभर हिचा कान ठणकत होता, आणि तुम्ही हिला वावराचे सौदे विचारत होतात?"

दैवशालाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर्षभर ते जनावर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर दुखणं सांगत होतं आणि बसलेल्यातल्या एकालाही ते दुखणं वाटलं नव्हतं. ती स्वतः तर साय घालून मोकळी झाली होती.

कहकशानं कान स्वच्छ करून दिला, थेंबांची बाटली दिली आणि बजावलं, "तेल बिलकुल नको. म्हशीच्या औषधाला तर हातसुद्धा लावू नका, चाटून मरंल बिचारी. बरं वाटलं म्हणून मधीच थांबवायचं नाही, अंड्यांतून नव्या किडी निघतात. आणि हिच्यासोबत उठणारं-बसणारं दुसरं मांजर आहे का?"

होतं ना. बेबीनंदाचा बोका. नाव सरपंच.

"त्यालाही औषध पाहिजे, एकाच वेळी. नाहीतर हिचं बरं होईल आणि तो पुन्हा देईल."

आली का पंचाईत! बेबीनंदाला सांगायचं म्हणजे सगळंच सांगायचं. गौळण बरी झाली, मुंडकं झटकायची थांबली, तर पुन्हा विचारल्यावर मशीन दैवशालाला. नाही झाली तर बेबीनंदाला. आपल्याच ताटातलं काढून दे म्हणून कुणाला कसं सांगावं? दैवशाला कुंपणापाशी जाऊन तीनदा मागं फिरली. शेवटी बेबीनंदानंच हाक मारली.

"काय गं, काय चोरायला आलीस?"

दैवशालानं सगळं सांगून टाकलं. मशिनीचंही. बेबीनंदानं कंबरेवर हात ठेवून ऐकून घेतलं.

"मशीन गेली खड्ड्यात," ती म्हणाली. "माझा सरपंच दोन्ही कान फोडून घेऊन राह्यला अन् मला वाटलं भांडून येतो मेला. आण ती बाटली."

सरपंचाला धरणं हा एक स्वतंत्र अध्याय आहे, तो इथं सांगत बसत नाही. दोन बाया, एक गोणपाट आणि एक फुटलेला माठ एवढ्यावर समजून घ्या.

पुढचे दिवस चोरून औषधाचे. नाना दुपारी डुलकी घ्यायचे तेव्हा दैवशाला गौळणीला पदरात गुंडाळायची, थेंब सोडायची, कानाचं मूळ हलकेच चोळायची. आधी ओरबाडणारी गौळण पुढंपुढं स्वतःहून मांडीवर येऊन पडायला लागली. भुगा कमी झाला, केस उगवायला लागले, मुंडकं झटकणं बंद झालं. दैवशालानं मनाशी हिशेब मांडला होता. बैठकीच्या आदल्या दिवशी मामांना पुन्हा विचारायचं. गौळण गप्प बसणार, मशीन येणार. यात फसवाफसवी थोडी होती, हे तिला कळत होतं. पण खाजेनं दिलेला नकार चालतो, तर औषधानं दिलेला होकार का चालू नये?

मनातले मांडे मनातच राहिले. तिच्या आधी कल्याण आला.

रविवारची सकाळ. जालन्याहून मोटरसायकलवर आलेला कल्याण, पायातले बूट न काढताच ओसरीच्या कडेला बसला. त्यानं खिशातून सुकटीची पुडी काढून गौळणीपुढं सोडली. देवाला लाच देणारा तो काही पहिला नव्हता.

"नाना, प्लॉटिंगवाला आता थांबत न्हाई. आज शेवटचं विचारा. जल्दी."

"मोसंबीला औंदा चांगला बार हाय रे," नाना म्हणाले.

"विचारा तर खरं."

दैवशाला चहा घेऊन आली आणि उंबऱ्यातच थबकली. हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं! बरी झालेली गौळण काय फक्त तिच्याच मशिनीला होकार देणार होती? ती सगळ्यांना हो म्हणणार. बाग जाणार. त्या बागेतल्या एकूण एक झाडाला तिनं आणि रामप्रसादनं टँकरचं पाणी घालून जगवलं होतं. रामप्रसाद दारात उभा होता.

नानांनी बशीत चहा ओतला. "गौळणे, सांग माय, वावर द्यावं का न्हाई?"

गौळण सुकट खात होती.

नानांनी एक घोट घेतला. एवढासा. मग बशी खाली ठेवली, मिशी पुसली, आढ्याकडं पाहिलं. पुन्हा एवढासा घोट. गौळणीनं पंजा चाटला.

"नाना, चहा प्या की," कल्याण म्हणाला.

"पितो की. लई गरम हाय."

चहा गरम नव्हता. दैवशालानंच आणला होता, तिला ठाऊक होतं. आणि नाना तर उकळता चहा पिणारे, गेल्याच आठवड्यात रामप्रसादच्या नव्या फवारणी पंपाच्या वेळी त्यांनी अख्खी बशी एका दमात रिकामी केली होती आणि 'हो म्हणती' म्हणून मोकळे झाले होते. दैवशाला त्या बशीकडं बघत राहिली. पंपाला एक घोट. मशिनीला साय धरेपर्यंत. आणि आता बागेला...

अगं बाई! मांजर कधी काही ठरवतच नव्हती. ठरवत होते मामा. ज्याला हो म्हणायचं त्याचा चहा पटकन संपत होता. ज्याला नाही म्हणायचं त्याचा चहा, गौळणीला खाज सुटेपर्यंत पुरत होता.

"दैवशाला, जरा अजून टाक गं चहा," नाना म्हणाले.

"एक कप झाला नाना!" कल्याण म्हणाला. "असं न्हाई चालत."

"बशीत उरलाय अजून."

बशीत थेंब उरला होता. गौळणीनं पोट वर केलं, पाय ताणले आणि ती उन्हात गाढ झोपली. इतकं सुख त्या मांजरीला वर्षभरात लागलं नसेल.

"झालं!" कल्याणनं मांडीवर थाप मारली. "हो म्हणली! मी उद्याच त्याला..."

नानांनी गौळणीकडं पाहिलं, तिच्या कानाकडं पाहिलं आणि मग दैवशालाकडं. त्या म्हाताऱ्या डोळ्यांत इतकी भीती होती की दैवशालाला राहवलं नाही.

"मामा, गौळण आता काही सांगायची न्हाई," ती म्हणाली. "तिच्या कानात किडी झाल्त्या. मी औषध घातलं, ती बरी झाली. तुमच्या मनात काय हाय ते तुम्हीच सांगा."

"वहिनी! मंजी आजपतुर ही फक्त कान खाजवू राह्यल्ती?" कल्याण उठूनच उभा राहिला. "मंग आधीचे सगळे नकार बाद!"

नानांनी बशी खाली ठेवली. ओठ हलले, पण आवाज निघाला नाही. पुन्हा हलले.

"न्हाई," नाना म्हणाले.

"काय?"

"वावर द्यायचं न्हाई. मी न्हाई म्हणून राह्यलो, कल्याण. मांजर न्हाई. मी."

कल्याण बापाकडं बघतच राहिला. जन्मात त्यानं बापाच्या तोंडून हा शब्द ऐकला नव्हता. तो चिडला, बडबडला, आता कधी येणारच नाही म्हणाला, आणि मग स्वयंपाकघरातून वांग्याच्या भरिताचा वास आला तसा बूट काढून जेवायला बसला. दोन भाकरी जास्तच खाल्ल्या. जाताना नुसतं एवढंच म्हणाला, "आधीच सांगितलं असतं तर चकरा तरी वाचल्या असत्या."

तो गेला, रामप्रसाद बागेत गेला, आणि ओसरीत दैवशाला आणि नाना उरले. दैवशाला उभीच होती.

"मामा, माझ्या मशिनीच्या टायमाला पण चहा लई येळ चालला व्हता."

नाना बाजेची सुंबं चाचपत राहिले.

"मंजी तुम्हालाच नको व्हतं. अन् मी त्या मुक्या जनावराला शिव्या दिल्या. तोंडावर सांगायचं व्हतं ना मला! मला किती राग आलाय ते सांगता येत न्हाई."

"मला न्हाई म्हणताच येत न्हाई गं," नाना म्हणाले. "जन्मात कुणाला म्हणलो न्हाई. समोरचा माणूस तोंड पाडतो, मला बघवत न्हाई. सगळ्यांना न्हाई म्हणायचं काम गिरिजा करायची. ती गेली, अन् मंग ही मुंडकं हलवायला लागली. मला वाटलं, बरं झालं."

"पण मशीन कामून नको?"

नानांनी रिकामी बशी उचलून पालथी घातली. "दुपारच्याला तू काम उरकून इथं बसती. शेंगा फोडती, माझ्यासंग बोलती. मशीन आल्यावर तू बायांच्या गराड्यात. मी कुणासंग बोलू?"

दैवशालाला राग धरून ठेवायचा होता, पण तो हातातून निसटायला लागला. तिनं पदर खोचला आणि बाजेसमोर खाली बसली.

"मंग आता मी विचारते. मांजरीला न्हाई, तुम्हाला. मशीन आणू का?"

"न्हाई," ते म्हणाले. मग घाईघाईनं तिचं तोंड पडलं का ते बघायला वाकले.

"बरं. तुमचं ऐकलं. आता माझं ऐका," दैवशाला म्हणाली. "मशीन येणार. इथंच, ओसरीत."

आपणच हे बोललो यावर तिचा विश्वास बसेना. नाना तिच्याकडं बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, उलट डोक्यावरचं ओझं कुणी उतरवून घेतल्यावर दिसतो तसा तो सैल झाला होता.

"मंग माझी बाज कुठं टाकती?" त्यांनी विचारलं.

"मशिनीच्या शेजारी. बायांचे नंबर लावायला माणूस लागंलच की. कुणी मधी घुसाया लागली तर तुम्ही अडवायचं."

"मी?"

"तुम्हीच."

होळी झाली, उन्हं तापली आणि मशीन आलं. पहिल्या दिवशी अंगणात रव्याच्या पातेल्यांची रांग लागली ती पार कडुलिंबापर्यंत. नाना धुतलेलं धोतर नेसून बाजेवर बसले होते, बायकांशी बोलून बोलून त्यांचा घसा बसला होता. तेवढ्यात बेबीनंदा आली, पातेलं काखोटीला मारून, सरळ पुढं.

"नाना, माझं एवढंसं हाय. घेऊ द्या की आधी. सरपंच घरी उपाशी हाय बगा."

नानांच्या तोंडावर ते जुनं हसू आलं, 'बरं', 'बघू', 'तुम्ही म्हणता तर' वालं. त्यांनी सवयीनं बाजेच्या पायथ्याशी पाहिलं. तिथं कुणीच नव्हतं. गौळण सरपंचासोबत कुंपणावर ऊन खात होती. दैवशालानं मशीन थांबवलं.

"न्हाई," नाना म्हणाले. "नंबरानं."

"असं व्हय? बरं," म्हणत बेबीनंदानं पातेलं उचललं, रांगेच्या टोकाला ठेवलं आणि तिथूनच ओरडली, "नाना, पाणी तरी पाजा!"

नानांनी तिला पाण्याचा तांब्या पोचवला. परत येऊन ते बाजेवर टेकले, पण त्यांचं लक्ष रांगेकडं होतं. बेबीनंदा तोंड पाडून बसली का, तिथून उठून गेली का, ते बघत राहिले. ती कुणाला तरी टाळी देऊन हसत होती. मग नाना दैवशालाकडं झुकले आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले,

"एवढंच असतंय व्हय गं? न्हाई म्हणल्यावर एवढंच होतंय?"

दैवशालाचे दोन्ही हात कोपरापर्यंत रव्यात होते.

"एवढंच, मामा," ती म्हणाली.